नाकाची उंची

दसऱ्याआधीचे आठ दिवस
कुळ्यात इनास मिस्त्री कुणाचं ऐकत नाही.
माझी जीप, नंबर सदतीस,
चार महिने झावळ्यांखाली उभी होती.
बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या कडेला
उंदरांनी घर केलेलं, माझ्याच सीटच्या फोमचं.
"भाडं घेतलंस काय रे ह्यांच्याकडनं?"
एवढंच बोलला, आणि पोतं अंथरून चेसिसखाली गेला.

मग खालून नुसता हात येतो बाहेर.
चौदा नंबर.
मी देतो.
हात तसाच. म्हणजे बारा.

"गाडीला नाकं चार, पुता. तुला एकच दिसतं."
एक इंजिनाचं. दोन डिफरन्शियलची, पुढचं नि मागचं.
एक गिअरबॉक्सचं, लाजरं, कुठंतरी वर दडलेलं.
तापलेलं लोखंड गार पाण्यात शिरलं
की आत श्वास ओढतं,
मिळेल तिथून ओढतं, बघत नाही काय येतंय.
म्हणून प्रत्येकाला नळी.
बारीक काळा पेट्रोलपाइप,
काचेच्या चौकटीपर्यंत नेऊन तारेनं आवळलेला.

थोरलं नाक त्याचं स्वतःचं:
विहिरीच्या पंपाचा पाइप, दोन कोपर,
टोकावर उपडा घातलेला दूधपावडरचा डबा.
सांध्याला सिलिकॉन, वर क्लिप,
त्याच्यावर सायकलची ट्यूब.
मी म्हटलं, पुरे आता.
"पाणी चोरासारखं येत नाही.
मालकासारखं येतं."

गेल्या साली बाबल वेळीपच्या गाडीनं
दुसऱ्या व्हाळात एक घोट घेतला. एकच.
कनेक्टिंग रॉड चमच्यासारखा वाकला.
तो आता गॅरेजच्या दारावर टांगलेला असतो,
लोक घोड्याचा नाल टांगतात तिथे.

मागचं तेल सोडलं तर टबात पडलं ते
पांढुरकं, फेसाळ.
इनासनं बोट बुडवलं, माझ्या नाकाशी धरलं.
"वर कड्यावरून पडतं ते दूध चांगलं,
माणसं तिकीट काढून बघतात.
हे कुणाला दाखवू नकोस."

दुपारी दुसऱ्या व्हाळाशी.
आधी तो एकटा उतरला, पँट मांडीपर्यंत दुमडून,
हातात बांबू, बांबूवर खिळ्यानं कोरलेल्या खुणा:
आस, बंपर, दिवा.
पाणी दिव्याच्या वर दोन बोटं.
परत आला, पंख्याचा पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला,
तोंडावर ताडपत्री बांधली, शेजारी बसला.
"क्लचला आता देव समज. पाय लावायचा नाही."

लो रेंज, दुसरा गिअर.
पाणी बंपरपुढे उचललं गेलं
आणि भिंत होऊन चालू लागलं,
आम्ही तिच्या मागच्या खळग्यातून.
घाई केली तर आपण तिच्या अंगावर,
रेंगाळलो तर ती आपल्या.
घोटे भिजले. पोटऱ्या.
माझ्या कानापाशी डब्याच्या टोपीखालून
इंजिन हवा ओढत होतं, जड, घरघरत,
आणि मला वाटलं इनासच श्वास घेतोय,
त्याला दमा आहे, त्याचाही आवाज असाच.
पण तो घेत नव्हता.
गाल फुगवून, डोळे पलीकडच्या एका किंदळावर रोवून
बसला होता, नाकातोंडात काही जाऊ नये असा.

पुढची चाकं गोट्यांवर चढली
तेव्हा सोडला त्यानं.
मग खोकला. खिशातला निळा पंप, दोनदा.
बोलायला काही उरलं नव्हतं,
नुसतं पावलानं करून दाखवलं:
ब्रेक दाब, हलके, हलके, सुकू दे त्यांना.

मी दाबत राहिलो.
मग हात आला पुढे, तळवा वर,
गाडीखालून येतो तसाच.
ह्या वेळी चुकलो नाही.
गळ्यातला पट्टा काढून दिला.